पाकिटातली गोधडी आणि मागितलेलं कापड

मी शिकलो दुसरीपर्यंत. तिसरीच्या वर्गात चार दिवस बसलो, मास्तरनं कान पिळला, तशी पाटी काखेत मारून घरी आलो तो परत गेलो नाही. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. शिवण्यात मात्र सांभाळून घ्या असं मी कोणाला म्हटलेलं नाही. लाखनीला हायवेच्या कडेला माझं तिरपाल शिवायचं दुकान होतं. धानाच्या ट्रकवर झाकायचं जाड कापड फाटलं की ड्रायव्हर माझ्याकडे येत. नागपूरकडचे येत, रायपूरकडचे येत. माझ्या हातचा जोड तिथंच पुन्हा फाटला, असं सांगत कोणी आलेला मला आठवत नाही.

ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. माझी एकुलती एक लेक बाळंतपणाला आली होती. नागपूरला दिलेली. तिचं हे तिसरं बाळंतपण, आणि तिच्या मांडीवर एकही लेकरू नव्हतं. पहिला मुलगा दहा दिवसांत गेला. दुसरी मुलगी अडीच महिन्यांची होऊन गेली. आता पुन्हा मुलगी झाली होती. थंडीचे दिवस. सव्वा महिना भरला की रविवारी सासरची माणसं येणार आणि मायलेकींना घेऊन जाणार, असं ठरलं होतं.

त्याच्या दोन आठवडे आधी जावई पोरीला बघून गेले. जाताना त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. प्लास्टिकचं, चकचकीत. आत लहान मुलाची गोधडी होती, पण शिवलेली नव्हती. कापडाचे कापून ठेवलेले तुकडे, त्यावर हत्ती, बदक, टोपी घातलेला सिंह, शिडाचं जहाज, चांदणी. खालच्या बाजूला लावायला पांढरं कोरं अस्तर, मध्ये घालायला कापसासारखा पातळ थर, दोऱ्याची दोन रिळं आणि इंग्रजीत छापलेला कागद. विहीणबाईंनी नागपूरच्या कुठल्या तरी प्रदर्शनातून आणलं होतं.

जावई चपला घालता घालता म्हणाले, "आईचा निरोप आहे. बाबांना जमलं तर शिवा म्हणावं. नाही जमलं तर परत पाठवा, आपल्या इथल्या टेलरकडून करून घेऊ. त्यांचा हात तिरपालाचा, हे काम जरा बारीक..."

पुढचं ते बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिरपालं बाजूला सारली आणि पाकीट फोडलं. कागद वाचता येईना, पण प्रत्येक तुकड्याच्या मागं आकडा छापला होता आणि इंग्रजी आकडे मला ट्रकच्या नंबरपाट्यांवरून पाठ झाले होते. चित्रात आकडे बघायचे, तुकडे तसे मांडायचे. चौकात शाळामास्तर रोज चहा प्यायला यायचे, त्यांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत कागद वाचून दिला असता. मी विचारलं नाही. सहा आणि नऊची उलटापालट झाली आणि हत्ती पाय वर करून शिवला गेला. एक सरदार ड्रायव्हर खाटेवर बसून बघत होता. म्हणाला, "उस्तादजी, हाथी मर गया क्या?" मी हत्ती उसवला, सरळ केला, पण त्याच्याशी त्या दिवशी बोललो नाही.

पाच दिवस लागले. पाकिटातला दोरा मला सुतासारखा वाटला. एका झटक्यात तुटेल असा. तो फेकला आणि माझा तिरपालाचा दोरा मेण लावून, त्यातल्या त्यात बारीक करून वापरला. टाका एकासारखा एक. पाकिटावरच्या चित्रापेक्षा माझी गोधडी सरस झाली, हे मी आजही म्हणेन.

सोमवारी दुपारी ती घेऊन घरी गेलो. लेक बाजेवर बसली होती, बाजेखाली शेगडी. पोरगी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. तिला सर्दी झाली होती, श्वास घेताना नाकात घुरघुर वाजत होतं. मी गोधडी बाजेवर पसरली.

"घे. पांघर तिले."

लेकीनं बघितलं. हात पुढे केला नाही.

"चांगली झाली, बाबा."

"मंग घे ना."

"खुंटीवर टाका. राहू द्या तिथं."

"काहून? थंडी वाजून राहिली पोट्टीले, अन् खुंटीले पांघरू का?"

ती पोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोरी आहे."

बायको चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली. "ज्या घरचे दोन गेले, त्या घरच्या तिसऱ्याच्या अंगाले कोरं लावत नाहीत. मागून आनलेलं फाटकंच लावतात. तुमाले काय मालूम नाही?"

मालूम होतं. आमच्याकडे चालतच आलेलं आहे. लेकरं जगत नाहीत त्या घरचं लेकरू फाटक्यात वाढवायचं, म्हणजे वाईट नजरेला वाटावं, हे कोणाचं तरी टाकलेलं, याला कोण नेईल. पण मी त्यातला नव्हतो. मी म्हणालो, "दोन गेले ते काय कोऱ्यानं गेले? एकाले कावीळ झाली, एकीची छाती भरली. डाक्टरनं तुमच्यासमोर सांगतलं."

तेव्हा लेक माझ्याकडे बघून बोलली. आवाज चढवला नाही. "पहिल्याले तुमीच कोरं आनलं होतं, बाबा."

ते खरं होतं. पहिला नातू झाला तेव्हा मी भंडाऱ्याला जाऊन रेशमी टोपडं, झबली, नवी गादी, सगळं नवं आणलं होतं. बायको तेव्हाही म्हणाली होती, पहिल्यांदा जुनं लावू. मी म्हटलं होतं, माझा नातू चिंध्यांत झोपणार नाही. दहाव्या दिवशी त्याच टोपड्यासकट त्याला न्यावं लागलं. इतक्या वर्षांत या घरात ते कोणी तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटलं होतं, विसरल्या असतील.

मी बसलो. बायको उठली आणि पेटीतून एक गठडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत जुन्या कापडांचे तुकडे. कोणाच्या लुगड्याचा काठ, कोणाच्या सदऱ्याची पाठ, एक विटलेला निळा फेटा, चौकड्याची लुंगी. ज्या घरात एकही लेकरू दगावलेलं नाही अशी घरं शोधून तिनं ते मागितलं होतं. लेकीला सातवा महिना लागल्यापासून मागत होती. सहा घरं झाली होती.

माझं डोकं फिरलं. "माह्या घरची बाई दारोदार चिंध्या मागत फिरली? या लाखनीत?"

"फिरली."

"लोकं काय म्हनले असतील?"

"देल्ल्या लोकायनं. तुमची इज्जत बी याच गठडीत बांधून ठेवली होती, आतापर्यंत कोनाले दिसली नाही. आता तुमीच वरडून दाखवा."

मी ओरडलो नाही. विचारलं, "मंग शिवली काहून नाही?"

बायको लेकीकडे बघायला लागली, लेक खाली. सात घरं लागतात, आणि सातवं आपल्या रक्ताचं लागतं. बायकोच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. माझ्या रक्ताचं एकच घर होतं, अड्याळला, माझ्या मोठ्या भावाचं. त्याला सहा लेकरं, सहाही जिवंत.

त्या घरी मी अकरा वर्षं गेलो नव्हतो. बाप वारला तेव्हा तेराव्याला गाव जेवायला बसलं होतं. भाऊ चार माणसांत म्हणाला, "याले मातीत हात घालाची लाज वाटते, म्हनून हा ट्रकवाल्यायचे ढुंगन झाकाचं कापड शिवते." लोक हसले. मी ताटावरून उठलो, हातातला लोटा खाली ठेवला आणि म्हणालो, या घरचं पाणी माझ्यासाठी संपलं. पुतण्याचं लग्न झालं, गेलो नाही. भाऊ सायकलीवरून पडून पाय मोडून बसला, गेलो नाही. जे बोललो ते पाळलं.

"मी तुमाले जा म्हनत नाही," बायको म्हणाली. "सहा घरचीच शिवू."

लेक म्हणाली, "सहानं भागत असेल तं शिवा. पन मंग मी रविवारी जात नाही."

"कवा जाशीन?"

"ही वर्षाची होऊ द्या."

बायकोनं बांधायला घेतलेली गठडी तशीच सोडली. कारण तिकडे नागपूरला बोलणं सुरू झालं होतं, ते आमच्या कानावर आलं होतं. दोन गेले, आता सून माहेरीच बसते का, मग पोरासाठी दुसरं बघायला काय हरकत. जावई माणूस चांगला, पण आईसमोर मान वर न करणारा. वर्षभर लेक इथं राहिली असती तर तिचं तिथलं घर राहिलं नसतं. हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती म्हणत होती. पोरगी नाकात घुरघुर करत होती आणि ती तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती.

मंगळवार मी दुकानात काढला. एक तिरपाल शिवायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत एक हातही पुढं गेलं नाही.

बुधवारी सकाळी एस.टी.नं अड्याळला गेलो. भाऊ अंगणात खाटेवर बसला होता, मोडलेला पाय लांब करून. केस पार पिकले होते. मला बघून हलला नाही. वयनी सुपात तांदूळ निवडत होती, तिनं पदर सारखा केला.

"कोन मेलं?" भावानं विचारलं.

"कोनी नाही."

"मंग काहून आला?"

मी उभाच होतो. बस कोणी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी मी बसलो नसतो. मी म्हणालो, "पोरीले पोट्टी झाली. तिसरी."

"मालूम हाय."

"फाटकं पायजे."

"काय म्हनला?"

"जुनं काही असेल तं. लेकरासाठी."

भाऊ वयनीकडे वळला. "आइकलं का वो? हा काहीतरी म्हनून राहिला. मले आइकू नाही आलं."

त्याला ऐकू आलं होतं. वयनी म्हणाली, "पुरे ना आता, दारात आला मानूस."

"मांगाले आला ना? मंग मांगू दे. मांगनं कसं असते, याले शिकाले पायजे. याचे हात लई वरचे हायत."

मी तेव्हाच मागं फिरणार होतो. खरं सांगतो, एक पाय फिरवलाही होता. पण बाजेवर मोजला जाणारा तो श्वास कानात वाजत होता, आणि ते टोपडंही डोळ्यापुढून जाईना. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हातांवर पसरला आणि म्हणालो, "दादा, तुह्या घरचे सहा जगले. माह्या पोरीची एक जगू दे. फाटकं दे."

भावाचं तोंड वाकडं झालं. त्याला हसायचं होतं की काय, मला कळलं नाही. तो दुसरीकडे बघायला लागला. वयनी आत गेली आणि एक जुनं लुगडं घेऊन आली, हिरवं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. दुपट्ट्यात टाकलं. म्हणाली, "सहाही याच्यातच निजले, भाऊजी." मग पुन्हा आत गेली आणि पाण्याचा लोटा आणला.

मी म्हणालो, "पानी नको, वयनी."

"चिंधी नेता अन् पानी सोडता? तशी नेलेली लागू होत नाही."

"असं कोनं सांगतलं?"

"मी सांगतो ना. सहा मी जगवले, तुमी नाही."

तिनं लोटा माझ्यासमोर धरला तो धरलाच. भाऊ बघत होता. मी पाणी प्यालो. अर्धं प्यालो आणि लोटा परत दिला. भाऊ म्हणाला, "पुरं पी. अकरा वर्साचं हाय." मी पुरं प्यालो. येताना एस.टी.त जागा होती तरी उभा राहूनच आलो.

गुरुवारी सकाळी अंगणात उन्हात बसून मी माझी गोधडी उसवायला घेतली. दुसऱ्याचं काम पुष्कळदा उसवलं, चांगलं शिवलेलं आपलंच काम उसवायची ही पहिली वेळ. मेणाचा दोरा निघेना. बायकोनं आतून हात फिरवला आणि म्हणाली, "गाठी टोचतात हो. ट्रक झोपनार होता का याच्यात?" गाठी खरंच टोचत होत्या.

पांढरं अस्तर काढून टाकलं. तो कापसासारखा थर काढला. त्या जागी सहा घरचे तुकडे एकावर एक पसरले आणि पोरीच्या अंगाला लागेल त्या बाजूला वयनीचं हिरवं लुगडं लावलं. आता वरची चित्रं. ती सगळीच काढून टाकावी असं बायकोचं म्हणणं. मी नाही म्हटलं. पाकीट विहिणीनं दिलं होतं, तिचं काही तर दिसायला पाहिजे. पण कोरेपणाचं काय करायचं? त्यावर उपाय बायकोनंच काढला. शेजारणीचा नातू दोन वर्षांचा, चांगला गुटगुटीत. हत्ती, बदक आणि चांदणी असे तिन्ही तुकडे हळदीच्या पाण्यात उकळले, वाळवले आणि एक दिवस त्या पोराच्या अंगाखाली निजायला दिले. त्यानं त्यावर मुतूनही ठेवलं. शेजारीण लाजली, बायको म्हणाली, "उलट बरं झालं, आता याले कोरं कोन म्हनेल?" पुन्हा धुतले. उकळण्यात हत्तीचा रंग जाऊन तो पिवळट झाला होता.

सिंह आणि जहाज मी घेतलं नाही. टोपीवाला सिंह आमच्याकडे कोणी बघितलेला नाही, आणि शिडाचं जहाज कोणत्या तलावात चालतं? जहाजाच्या जागी निळ्या फेट्याचा तलाव केला आणि त्यावर आमच्याकडे ढिवर मासे धरायला नेतात तसा लाकडाचा डोंगा, सदऱ्याच्या तपकिरी कापडाचा. सिंहाच्या जागी धानाच्या बांधीत उभा असतो तसा सारस केला. पाय लांब झाले, चौकटीबाहेर जायला लागले, म्हणून एक पाय वर उचललेला दाखवला. उरलेल्या जागेत लुंगीच्या चौकड्यांचा ट्रक लावला. दोरा या वेळी बायकोच्या पेटीतला साधा घेतला, गाठी बाहेरच्या बाजूला. टाका दिसायला पाकिटातल्या चित्रासारखा राहिला नाही. थोडा वाकडा गेला, कारण जुनं कापड ओढलं की सरकतं.

शनिवारी उन्हं उतरायच्या आत झाली. बायकोनं ती लेकीच्या मांडीवर ठेवली. लेकीनं एकेक तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे कोणाचं, हे कोणाचं. बायको घरं सांगत गेली. हिरव्यावर बोट आलं तेव्हा बायकोनं माझ्याकडे बोट केलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अड्याळचं." तिनं पोरीला उचललं आणि हिरव्यावर ठेवलं.

रविवारी दुपारी जावई आणि विहीणबाई आल्या. चहा झाला. विहीणबाई पोरीला घ्यायला बाजेपाशी गेल्या आणि थांबल्या. गोधडीचं एक टोक उचलून त्यांनी मागची बाजू बघितली.

"हे काय ईवाई? मी नवीन पाठवलं होतं."

"होय."

"मग या चिंध्या? नागपूरला आमच्याकडे चार लोक बघायला येणार आहेत. लोक म्हणतील, नातीला घालायला नाही का यांच्याकडे."

तोंडाशी बरंच आलं होतं. बायकोनं पाठीमागून माझी बाही धरली. तेवढ्यात लेक बोलली. सासूला उलटून बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"आई, तुमचा हत्ती आहे त्याच्यात. बदक आहे. चांदणी आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मागून आणलेलं आहे. ही याच्यातच निजेल. नको असेल तर आम्ही दोघी इथंच राहतो."

जावई भिंतीला टेकून उभे होते. विहीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या, ते काही म्हणतील म्हणून. पोरगी शिंकली. मला वाटलं, झालं, आता या पाकीट मागतील, रिकाम्या हातानं गाडीत बसतील आणि सहा महिन्यांनी नागपूरहून दुसऱ्या लग्नाची खबर येईल.

जावई पुढे आले. आईकडे बघितलं नाही. वाकून त्यांनी पोरीला गोधडीसकट उचललं, दोन्ही बाजू तिच्यावर घेतल्या आणि दाराकडे चालायला लागले. लेकीची पिशवी तशीच राहिली, ती बायकोनं उचलली.

स्टँडवर गाडी आली. जावयांनी पोरीला लेकीकडे दिलं, मायलेकींना खिडकीपासून दूर बसवलं, विहीणबाई खिडकीपाशी बसल्या. मी खाली उभा होतो. खिडकीची काच अर्धी फुटलेली, वारा आत येत होता. गाडी सुरू झाली तशी विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, चेहरा तसाच घट्ट ठेवला, आणि हात पलीकडे नेऊन गोधडीचं टोक पोरीच्या कानावर ओढून दाबून धरलं.